तात्यांची रायफल जमा करू नका

घरातली बंदूक पोलिसांत जमा करून मोकळे व्हा, असा सल्ला देणाऱ्याला मला एकच विचारायचं असतं. रानडुकरासाठी बांधाच्या तारेत रात्री करंट सोडतात, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

आमच्या घरात हा वाद तात्या गेल्यापासून चालू आहे. तात्या म्हणजे माझे थोरले काका, राधानगरी तालुक्यातल्या गावी शेवटपर्यंत राहिलेले. त्यांच्या परवान्यावर आजोबांपासून आलेली एक जुनी रायफल होती. सध्या ती कोल्हापुरात परवानाधारक दुकानदाराकडे ठेव म्हणून पडून आहे. वारसानं अर्ज करायचा, नाहीतर विकायची, नाहीतर सरकारजमा. तात्यांचा मोठा मुलगा, आमचा दादा, पुण्याला असतो. तो म्हणतो, शिकलेल्या घरात बंदूक कशाला? शिकारीचे दिवस संपले, ते सगळं सरंजामी होतं, जमा करू म्हणजे कटकट मिटेल. बाकीचे माना डोलावतात. मी इथे न्यूझीलंडमधल्या पामरस्टन नॉर्थमध्ये त्यांचे हे निरोप वाचतो आणि माझं डोकं तापतं.

त्याला ती रायफल काय आहे हेच ठाऊक नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची, ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप), ली पद्धतीच्या बोल्टची, म्हणजे दर गोळीला हातानं ओढायच्या खटक्याची. इंग्रज सरकारनं ३०३ ही फौजेची गोळी म्हणून हिंदुस्थानातल्या खासगी माणसाला मना केली होती, म्हणून विलायतेतल्या कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी ३१५ च्या शिकारी रायफली काढल्या. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं तोच बोअर चालू ठेवला आणि काडतुसं आपल्या खडकीला बनू लागली. १८७८ च्या शस्त्र कायद्यात गोऱ्याला परवाना लागत नसे, आपल्याला लागे. त्या काळात गावाकडच्या शेतकऱ्यानं अर्ज-विनंत्या करून, पीकसंरक्षणासाठी म्हणून मिळवलेली ही वस्तू. हिला सरंजामी म्हणणाऱ्यानं आजोबांचे हात बघायला हवे होते. नांगराचे घट्टे होते त्यांना.

माझ्याकडे इथे तिची थोरली बहीण आहे. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याची ३०३ रायफल, १९१८ साल कोरलेली. तिचा बोल्ट ओढला की जो आवाज येतो तो मला गावच्या सोप्यात घेऊन जातो. खंडेनवमीला तात्या रायफल काढायचे, नळीतून तेलाचा फडका फिरवायचे, दस्त्याला हळद-कुंकू लावायचे आणि आम्हा पोरांना एकेकदा माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेमखुणेवरून, समोरच्या नारळावर नेम धरू द्यायचे. काडतूस नसायचं. तरीही नळी माणसाकडे वळली तर कानफटात बसायची. इथे परवान्याआधी बंदूक हाताळण्याचे सात नियम शिकवतात. त्यांतले बहुतेक मला तात्यांनी आठ-नऊ वर्षांचा असतानाच शिकवले होते.

इथल्या व्यवस्थेचा मला अभिमान वाटतो, हे मी लपवत नाही. इथे आधी माणूस तपासतात. घरी अधिकारी येतो, तिजोरी भिंतीला बोल्टनं घट्ट आहे का ते हलवून बघतो, काडतुसं वेगळ्या कुलपात आहेत का ते पाहतो. माझ्या बायकोला बाजूच्या खोलीत नेऊन विचारलं, नवरा चिडतो का, दारू पितो का, तुम्हाला त्याची भीती वाटते का. कोल्हापुरात परवाना देताना बायकोला असं एकटीला बसवून कुणी विचारलं असतं, तर कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणारे कितीतरी जण गळाले असते.

यावर पुण्याचं उत्तर ठरलेलं असतं: तुमच्याकडेच तर क्राइस्टचर्च झालं ना? झालं. १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली आणि मारणाऱ्याकडे परवाना होता. त्या आठवड्यात मी ऑफिसात कुणाशी धड बोलू शकलो नाही. पण नंतर इथे काय झालं तेही सांगा. महिन्याभरात बहुतेक सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, बंदुका बंद झाल्या आणि सरकारनं पैसे देऊन त्या परत घेतल्या. २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सुरू झाली. आणि दहा गोळ्यांच्या जुन्या बोल्ट-ॲक्शन ३०३ ला हात लावला नाही, कारण कोणत्या हत्यारानं काय होतं याचा विचार केला. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोन बंदुकांची मर्यादा घातली. नेमबाज खेळाडूंना सवलत ठेवली, बाकी मोजणी सरसकट. आजोबांची रायफलही एक आणि नव्यानं घेतलेलं पिस्तूलही एक. मग तिसरी सोडायची वेळ आल्यावर कुणी काय सोडलं असेल? जुनी, जड, काडतूस मिळायला त्रासाची तीच.

शिकारीबद्दल स्पष्ट बोलतो. आमच्या राधानगरीकडच्या दाजीपूरच्या गव्यावर बंदूक उचलावी असं मला कधीही वाटलेलं नाही आणि १९७२ चा वन्यजीव कायदा मला मान्य आहे. पण ते रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. राखीव होतं म्हणूनच १९५८ मध्ये अभयारण्य करण्याइतकं उरलं. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

प्रश्न आहे तो रानाबाहेरचा. उसात, भुईमुगात डुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक झोपवतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकाला धोका झालेल्या ठरावीक जनावरांसाठी परवानगीची तरतूद आहे. परवानगी मिळवली, तरी मारणार कोण? गावात नेम धरता येणारा, बंदूक राखणारा माणूसच उरलेला नाही. मग पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतात, फासे लावतात, तारेत वीज सोडतात. डुकराचा जबडा फाटतो आणि ते तडफडत दोन दिवसांनी मरतं. गाय तोंड घालते. कुत्रं तोंड घालतं. पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारचा माणूस तारेला चिकटतो. ही बंदुकीशिवायची सुसंस्कृत व्यवस्था आहे का?

मी इथे सांबर मारतो. हो, सांबरच, आपल्या राधानगरीत आहे तेच. १८७५ मध्ये सिलोनहून आणलेल्यांची पिलावळ इथल्या मानावातू भागाच्या किनारपट्टीवरच्या पाइनच्या रानात राहते. इथे ते बाहेरून आलेलं जनावर, म्हणून त्याला संरक्षण नाही. जमीनमालकाची परवानगी घेतो, नारिंगी जाकीट घालतो, शंभर मीटरच्या पलीकडे जुन्या साध्या माशीवर गोळी झाडत नाही, कारण जखमी जनावर रानात सोडणं हे पाप आहे. मांस घरी आणतो, पांढरा रस्सा करतो, शेजाऱ्यांना डबा देतो. पहिलं सांबर पडलं तेव्हा मात्र मी त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो. गावाकडे रात्री त्याची हाक आली की आजी म्हणायची, वाघ बघितला त्यानं. तोच प्राणी, तितकाच परका मुलुख, आणि त्याला मारायची मुभा मला. माझ्या स्वतःच्या शेतातल्या डुकराकडे मी काठी घेऊनही जायचं नाही, कारण ते शेत आता माझं फक्त सातबाऱ्यावर आहे.

म्हणून मला राग येतो. बंदुकीपुरता तो नाही. तात्यांना मुलं असताना कागदावर मी वारस नाही. माझा पत्ता तिथला नाही. ती रायफल इथे आणणं सोपं नाही, आणि आणली तरी इथे तिला ओळखणारं कोण? तिच्या दस्त्यावरची खाच कशानं पडली हे ज्यांना माहीत होतं, त्यांतला बोलणारा आता मी उरलो, तोही बारा हजार किलोमीटरवर. घर सोडून गेलेल्यानं तिथल्या वस्तूंवर हक्क सांगू नये, असं ताईनं, तात्यांच्या मुलीनं, मला एकदा फोनवर सुनावलं. तिचं बरोबर असेल. तरी मी सांगणार.

तात्यांची नात, ताईची मुलगी, तेवीस वर्षांची आहे. कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर एअर रायफल शिकली. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचं जागतिक सुवर्ण घेतलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य आणलं. त्या दिवशी दादा, तूच पहिला फोटो टाकला होतास, ‘आमचा राधानगरीचा वाघ’ म्हणून. तो वाघ रायफल धरूनच उभा होता ना?

पोरीचं वय बसतं, २०१६ च्या शस्त्र नियमांत लागणारं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे, घरात तिजोरी आहे. वारसाचा अर्ज तिच्या नावानं भरून ठेवला आहे. ताईनं ना-हरकतीवर सही केली. धाकट्यानं केली. दादा, तुझी तेवढी राहिली आहे.