प्रिमरोझला सावली हवी, पण कोणत्या महिन्यात?

नमस्कार ताई,

तुम्ही मनापासून वाद घातलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे दोन आक्षेप आहेत. कॉर्नवॉलला उघड्या कुरणात, भर उन्हात प्रिमरोझ, म्हणजे वसंतात फुलणारं हे छोटं फुलझाड, फुललेलं तुम्ही पाहिलंत, मग मी 'झाडाखाली लावा' असं का सांगते? आणि एसेक्सच्या तुमच्या वाफ्यातली रोपं दर उन्हाळ्यात मरतात, म्हणजे ती जानेवारीत आणून मेमध्ये टाकून द्यायचीच.

कॉर्नवॉलचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला पाऊस जास्त आणि हवा दमट, त्यामुळे तिथे प्रिमरोझ बांधावर, कुरणात, समुद्रकड्यांवरही तगतं. पूर्वेकडे जावं तसं कोरडं होत जातं आणि हेच झाड रानाच्या आडोशाला सरकतं. एसेक्स तर देशातल्या सगळ्यात कमी पावसाच्या भागांपैकी एक. तुमची रोपं मारतो तो जून-जुलैचा सुकलेला वाफा. फेब्रुवारी-मार्चचं ऊन त्यांना हवंच असतं, त्याशिवाय फुलं धरत नाहीत.

म्हणून मी झाडाखाली म्हणते तेव्हा पानगळीचं झाड म्हणते: हेझल, सफरचंद. वसंताच्या सुरुवातीला फांद्या उघड्या असतात, उजेड थेट खाली पोचतो. मेमध्ये पालवी दाटली की आपोआप सावली. लॉरेलसारख्या सदाहरित झुडपाखाली लावलंत तर नुसती पानं मिळतील.

टाकून द्यायचं मात्र मला मुळीच पटत नाही. हे बहुवर्षायू झाड आहे. सुपरमार्केटमधली भडक रंगांची रोपं काचघरात वाढवलेली संकरित असतात, त्यातली काही नाजूक निघतात, हे मान्य. पण बाकीची रोपं फुलं संपल्यावर सावलीत हलवून, मुळांचा घट्ट गड्डा हलकेच मोकळा करून, पानांच्या खतात लावली आणि उन्हाळाभर ओल राखली, तर पुढच्या वर्षी परत फुलतात. दोन-तीन वर्षांनी फुलोरा ओसरला की ठोंब फोडून वेगळे करायचे.

एक तपासणी जरूर करा. कोमेजलेलं रोप ओढताच मुळांशिवाय हातात आलं, तर मातीत पांढऱ्या, बिनपायाच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या शोधा. त्या व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या, मुळं खाणाऱ्या. त्यावर उन्हाळ्याच्या शेवटी, माती उबदार असताना, सूत्रकृमी (या अळ्यांना मारणारे अतिसूक्ष्म कृमी) पाण्यात कालवून घालतात.

रानातून दोन ठोंब आणू का, असंही तुम्ही विचारलंत. कृपा करून नको. ब्रिटनच्या 1981च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानटी झाड उपटणं गुन्हा आहे. त्यापेक्षा रोपवाटिकेतून दोन प्रकारची रोपं निवडून आणा. काही फुलांच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखी हिरवट गुंडी दिसते, काहींच्या तोंडाशी परागकोशांचं कडं. डार्विनने 1862 साली यावरच निबंध प्रसिद्ध केला होता. या दोन प्रकारांत परागीभवन झालं की बी भरपूर धरतं. ते पिकताच ताजं असताना ओल्या कंपोस्टवर पेरा आणि वरून माती लोटू नका, उगवायला त्याला उजेड लागतो.