पहिले येऊनही पहिले न ठरण्याचा मार्ग

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या एका प्रश्नमंजूषेत परवा 'बेसबॉलच्या मेजर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक साखळीतला, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण?' या प्रश्नाला मी मोझेस फ्लीटवुड वॉकर असे उत्तर दिले. ते चुकीचे ठरवून 'जॅकी रॉबिन्सन, 1947' असे जाहीर झाले आणि हरकत घेताच 'एवढं खोलात कोण जातं?' हे ऐकून घ्यावे लागले. तेव्हा ज्यांना इतिहासातून असेच सफाईने नाहीसे व्हायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

प्रथम ओहायोत जन्म घ्यावा, ओबरलिन आणि मिशिगन येथे शिकावे आणि इतके शिकून कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) व्हावे. 1884 मध्ये टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या मेजर लीगमध्ये 42 सामने खेळून फलंदाजीत 0.263 ची सरासरी राखावी, म्हणजे विसरले जाण्याची पात्रता पुरी होते.

आपल्याच पिचरवर (चेंडू टाकणाऱ्यावर) विसंबू नये. टोलेडोचा टोनी मुलेन, कोणता चेंडू टाकायचा हे सांगणाऱ्या वॉकरच्या खुणांकडे पाहतच नसे आणि मनाला येईल तो चेंडू टाकत असे. कॅचरच्या हाताला धड संरक्षण नसलेल्या त्या काळात पुढे काय येणार हे ठाऊक नसताना तो चेंडू बोटांवर झेलायचा! वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला मिळाला नाही, अशी कबुली याच मुलेनने पुढे दिली.

दुखऱ्या हाताची तक्रार करू नये.

कॅप अ‍ॅन्सनसारख्यांचा मान राखावा. 1883 मध्ये शिकागोचा संघ घेऊन टोलेडोला आलेल्या या थोर पुरुषाने वॉकर असेल तर खेळणार नाही, अशी धमकी दिली. वॉकरला त्या दिवशी विश्रांतीच द्यायची होती. पण धमकी ऐकून टोलेडोच्या व्यवस्थापकाने त्याला मुद्दाम मैदानात उतरवले आणि तिकिटांचा गल्ला बुडेल असे दिसताच अ‍ॅन्सनचे तत्त्व विरघळले. 14 जुलै 1887 रोजी वॉकरच्या तेव्हाच्या नेवार्क संघाविरुद्ध मात्र त्याचेच चालले, नेवार्कचा कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही आणि वॉकर दोघेही बाहेर बसले आणि नेमके त्याच दिवशी, नेवार्क ज्यात खेळे त्या इंटरनॅशनल लीगच्या संघमालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी करार नकोत, असा निर्णय 6 विरुद्ध 4 मतांनी घेतला. अ‍ॅन्सन 1939 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात, गेला. वॉकर आजही बाहेर आहे.

खरोखर खोलात जाणाऱ्याने 1879 मध्ये एकच सामना खेळलेल्या आणि गोरा म्हणून वावरलेल्या विल्यम एडवर्ड व्हाइटचे नाव काढून माझ्याशी भांडावे. मला आनंदच होईल. पण 'तेव्हाचा काळच तसा होता' हे मला सांगू नका. ती 4 मते त्याच काळातली होती, धमकीला न जुमानणारा टोलेडोचा व्यवस्थापक त्याच काळातला होता. रॉबिन्सनने जे सोसले त्यातला कणभरही मी कमी करत नाही. पण दार आधी उघडे होते आणि ते हात वर करून, मोजून बंद केले गेले, हे लपवून तुम्ही त्याच्या नावाने टाळ्या वाजवता आणि दार बंद करणारी 6 माणसे फुकट सोडून देता.