मालकाचं उत्तर: हम गेला नाही म्हणताय, पण कुठला हम?

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत ते ठीक, ते तुमचं मत, त्यावर वाद घालत नाही. पण तुम्ही लिहिलंय की जुना स्टीरिओ रिसिव्हर दुरुस्त करायला 3,800 रुपये घेतले, दोनच कपॅसिटर बदलले, वेळ लावला, घरी नेला तर हम, म्हणजे स्पीकरमधला घूंऽऽ आवाज, आहेच आणि व्हॉल्यूम वाढवला की वाढतो, शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने कम्प्युटरच्या प्लगची एक पिन काढली आणि पाच मिनिटांत फुकटात काम झालं, आता फक्त सीपीयूला हात लागला की थोडं झिणझिणतं. हे शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, मला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागतेय.

ती पिन आधी परत बसवा. नवा थ्री पिन टॉप लावून घ्या, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. वरची ती जाडी पिन म्हणजे अर्थ. कम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला एकेक बारका कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) जोडलेला असतो, नॉइज अर्थमध्ये घालवायला, आता अर्थच काढलं तर बॉडी त्या दोघांच्या मधे लटकणार, म्हणजे 230 च्या निम्मे, 115 व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी म्हणून नुसतं झिणझिणतं. पण उद्या आत कुठे फेज बॉडीला लागली तर करंटला जायला वाट नाही, फ्यूज उडणार नाही, आणि ऑडिओ वायरवरच्या बारीक तारांच्या जाळीतून तीच फेज सरळ रिसिव्हरच्या पत्र्यावर, म्हणजे तुमचे बाबा रोज जो नॉब फिरवतात तिथे. असलं काम फुकट मिळालं तरी घेऊ नये हो!

आता हम. तुम्ही सेट आणलात तेव्हा व्हॉल्यूम झिरोवर होता तरी दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ येत होतं, सिलेक्टर कुठेही फिरवा, तेवढंच. याचा अर्थ आवाज इनपुटकडून येतच नाहीये, पॉवर सप्लायमधूनच येतोय. आपली लाइन 50 हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की 100 ची होते, आणि ते चढउतार सपाट करायचं काम मेन फिल्टर कंडेन्सरचं. तुमच्या सेटमधल्या दोन्हींवर 10,000 मायक्रोफॅरड छापलेलं आणि मीटरवर निम्मेही भरत नव्हते, 70 च्या दशकातला माल, आतलं इलेक्ट्रोलाइट सुकून गेलेलं. ते दोन्ही पिशवीत घालून बिलासोबत दिलेत, कुणाकडेही मोजून घ्या.

बदलल्यावर इनपुट शॉर्ट करून, म्हणजे बाहेरचा सिग्नल आत येऊ न देता, व्हॉल्यूम फुल करून, तुम्ही स्वतः स्पीकरच्या जाळीला कान लावून ऐकलंत, हलकी सूं होती बस, ती असतेच. कॅबिनेटला कान लावला तर ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण ऐकू येते, ती स्पीकरची नाही, तिचं काही करायचं नसतं.

घरी जो आला तो दुसराच, आणि पुरावा तुम्हीच लिहिलाय. व्हॉल्यूमबरोबर वाढतो म्हणजे बाहेरून वायरीवाटे येतोय, आणि अर्थ तोडल्यावर गेला म्हणजे ग्राउंड लूप, दुसरं काही नाही. तुमच्या रिसिव्हरला टू पिन आहे, त्याला स्वतःचं अर्थ नाही. पण त्याला कम्प्युटर लावलाय, ज्याचं अर्थ घरच्या वायरिंगचं, आणि सेट टॉप बॉक्स लावलाय, ज्याच्या केबलची जाळी गच्च्यांवरून फिरत येऊन केबलवाल्याच्या अँप्लिफायरपाशी भलत्याच कुठल्यातरी अर्थला टेकलेली. दोन अर्थांमधे थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की करंट ऑडिओ वायरच्या जाळीतून वाहतो आणि सेट तो इमानदारीत वाजवून दाखवतो. आमच्या टेबलावर केबल नाही, म्हणून तिथे हा आवाज यायचा प्रश्नच नव्हता.

खात्री करायची तर पिन बसवल्यावर हम परत येईल, तेव्हा सेट टॉप बॉक्सच्या मागची केबलची गोल वायर फिरवून काढा, कम्प्युटरवर गाणं लावलेलंच असू द्या. हम गेला तर गुन्हेगार सापडला. मग बॉक्सच्या आधी केबलवर आयसोलेटर लावायचा, तो जाळीतून येणारी अर्थची वाट तोडतो, छोटासा असतो. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, घरी डिश असेल तर हा लावू नका, छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) 13 ते 18 व्होल्ट त्याच वायरमधून जातात, चित्रच बंद पडेल. तिथे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा, कम्प्युटर आणि रिसिव्हरच्या मधे. आणि हम नसून चर्रर्र असा आवाज असेल, पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर बदलणारा, तर तो वेगळा विषय, आधी पंखा बंद करून बघा.

दोनच कपॅसिटर का, तर दोनच खराब होते. नेटवर सगळे म्हणतात सगळे कपॅसिटर सरसकट बदला, पण त्या जुन्या पीसीबीवर पन्नास ठिकाणी सोल्डरिंग आयर्न फिरवलं की प्रिंट (बोर्डावरची तांब्याची पट्टी) उचलते आणि चालू सेट बंद पडतो, बिल मात्र तिप्पट होतं. मी नाही करत, ज्यांना करायचंय त्यांनी खुशाल करावं. आणि वेळ लागला तो मालामुळे. बाजारात मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरलेला डुप्लिकेट माल सर्रास मिळतो, घेतला तो लॅमिंग्टन रोडवरच पण आधी मोजून. शिवाय नवे अंगाने बारीक, जुन्या क्लॅम्पमधे डुगडुगतात, म्हणून रबराची पट्टी गुंडाळून बसवलेत, वरचं झाकण उघडून बघा.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. या बाजूला आलात तर रिसिव्हर उचलून आणू नका, आयसोलेटर दुकानातून घेऊन जा, लावून बघा, चालला तर पैसे द्या, नाही चालला तर आणून द्या. केबलवाल्याला त्या वायरीला हात लावायचाय हे आधी सांगा, नाहीतर तो वेगळा भांडेल. दुकान सोमवारी बंद असतं.