उडव रे, अजून एकदा उडव!

पहाटे चारला उठायचं, संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर थंडीत गाडी हाणत पैठण गाठायचं, ते काय पाण्यात ढेकळं पडताना बघायला?

काल नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या, काठावर पाऊण तास चिखलात पालथा पडून होतो. कोपरं भिजली, कानात चिलटं. पण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरत चरत जवळ येत होते. चोच उलटी बुडवून, पायानं गाळ ढवळत, आपल्याच नादात. मागं दहा-बारा पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले रानहंस. ऊन नुकतंच पाण्यावर उतरत होतं. अजून पाच मिनिटं, बस्स.

तेवढ्यात कुणाच्या तरी गाळपेऱ्यातला, पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला, हरभरा तुडवत एक गाडी थेट पाण्यापर्यंत. गाणी चालू. चौघं उतरले, हातात माझ्या वर्षाच्या पगाराएवढ्या लेन्स. एकजण म्हणतो, "बसलेल्याचा काय फोटो काढायचा? उडव रे!" दुसऱ्यानं ढेकूळ हाणलं. गेला सगळा थवा!

अरे बाबांनो, रोहित म्हणजे चिमणी नाही फुर्रकन उडायला. एवढं अंग उचलायला आधी पाण्यावर धावावं लागतं त्याला. दिवसभर गाळातून बारीकसारीक गाळून खायचं आणि ते तुमच्या रीलसाठी जाळायचं? थवा लांब जाऊन टेकला, तर ह्यांनी ड्रोन काढलं. परत उडवले.

मी गेलो सांगायला. म्हटलं, हे 1986 पासून अभयारण्य आहे, इथं पक्ष्यांना छेडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तर म्हणे, "काका, आम्ही पण निसर्गप्रेमीच आहोत." निसर्गप्रेमी! पाण्याच्या कडेला वेफर्सची पाकिटं टाकून!

जाळं काढणारे एक मामा होडीतून हे सगळं बघत होते. म्हणाले, "आमच्या होडीला नाही भेत ते. ह्या गाड्यावाल्यायलाच भेतात."

माझ्या कार्डात काय आलं? सत्तर फोटो, सगळ्यांत लांब जाणाऱ्या शेपट्या आणि एकात त्या ढेकूळवाल्याचा हात. सामान आवरत होतो तर तोच आला, हसत हसत. "काका, तुमचा अँगल भारी होता. उडतानाचा एखादा आला असंल तर व्हॉट्सअ‍ॅप करा ना."