कार्बन डायऑक्साइड ब्लॉक मिसळवतो की वेगळे करतो? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड ब्लॉक कोपॉलिमरची (दोन वेगळ्या पॉलिमरचे लांब तुकडे, म्हणजे ब्लॉक, एकमेकांना जोडून बनलेल्या साखळ्यांची) रचना मोडतो आणि तोच ती घडवतो, ही दोन्ही विधानं एकत्र खरी असू शकत नाहीत. ओव्हनमध्ये तापवून तेच होतं, मग दाबाचा खटाटोप कशाला, हाही प्रश्न आहे. शिवाय तुमचा नमुना फेसाळून पांढरा पडला.

विधानं दोन्ही खरी आहेत, पॉलिमरच्या जोड्या वेगळ्या आहेत. पॉलिस्टायरीन-पॉलिआयसोप्रीनमध्ये वायू दोन्ही ब्लॉकमध्ये शिरून त्यांची आपसातली तेढ सौम्य करतो, म्हणून थरांची रचना मोडण्याचं तापमान खाली येतं. पॉलिस्टायरीन-पॉलिब्यूटाइल मेथाक्रिलेटचा स्वभाव उलटा: थंड असताना एकजीव, तापवलं की विलग. इथे वायू एका ब्लॉकला जास्त फुगवतो, दोघांच्या घनतेतली तफावत वाढते आणि विलगीकरण खूपच कमी तापमानाला सुरू होतं. ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात वॉटकिन्स, रसेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे दाखवलं.

ओव्हनबद्दल: पॉलिस्टायरीन कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळत नाही, पण फुगतं. एरवी सुमारे १०० अंशांना मऊ होणारं हे पॉलिमर साधारण ६० बार (१ बार म्हणजे जवळपास हवेचा दाब) दाबाखाली ३५ अंश सेल्सिअसलाच मऊ होतं. उष्णतेने खराब होणाऱ्या पॉलिआयसोप्रीनसारख्या ब्लॉकसाठी हा फरक मोलाचा आहे. ३१.१ अंश आणि ७३.८ बारच्या वर तर नुसत्या दाबाने वायूची घनता हवी तशी बदलता येते.

आता फेस. गरम असतानाच दाब सोडला, तर मऊ पॉलिस्टायरीनमध्ये बुडबुडे मोठे होत जातात. पॉलिस्टायरीन आणि फ्लोरिनयुक्त ब्लॉकचा नमुना ६० अंश, ३०० बारला कार्बन डायऑक्साइडने संपृक्त करा, म्हणजे मावेल तितका वायू त्यात शिरू द्या, मग दाब तसाच ठेवून ० अंशापर्यंत थंड करा आणि मिनिटाला ५ बारच्या आसपास दाब उतरवा. पॉलिस्टायरीनच्या भिंती आधी कडक होतात, वायू मुख्यतः फ्लोरिनच्या भागांत साठलेला असतो, आणि काही दहा नॅनोमीटरची छिद्रं उरतात.

चूक बहुधा थंड करताना होते. झडप बंद करून भांडं बर्फात ठेवलं की दाब कोसळतो. ० अंशाला कार्बन डायऑक्साइडच्या द्रव आणि वाफेचा समतोल सुमारे ३५ बारलाच असतो. तेवढ्यात नमुना फेसाळतो. म्हणून थंड होईपर्यंत पंप चालूच हवा. बाहेर सोडायची झडपही कोमट ठेवा, नाहीतर कोरडा बर्फ साचून ती तुंबते आणि मग अचानक मोकळी होते.