‘कराच लागते’ म्हणणाऱ्यांसाठी

आज एका तेरवीतून न जेवता उठून आलो. डोकं अजून ठणकून राहिलंय. दारव्ह्याच्या अलीकडचं गाव आहे, नाव लिहीत नाही. बाप गेला. पोरगा पंचविशीचा, तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटीला खत द्यायचं राहिलेलं. आणि दारात मांडव, परातीत बुंदी, आलू-वांग्याची भाजी, अर्ध्या गावाची पंगत. बाजूला नेऊन विचारलं, पैसे कुठून आणले? खाली पाहत म्हणाला, "सावकाराकडून काढले जी. कराच लागते ना. माह्या हातात काय हाय?"

हे वाक्य मला आता सहन होत नाही. लग्नात, तेरवीत, पोरीचं कॉलेज सोडवताना, सगळीकडे हेच ऐकू येतं. कराच लागते. कोण लावते बाप्पा? नाव सांगा ना त्याचं.

१९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रनं माणसाच्या याच खोटेपणावर बोट ठेवलं होतं. आपण निवडतो, आणि मग आपल्याच मनाला पटवतो की निवडायला काही नव्हतंच. त्याचं उदाहरण कॅफेतल्या वेटरचं आहे. चाल जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच अदबीचं, जसा काही तो वेटर म्हणूनच जन्माला आला. आपल्याकडे ‘मोठा मुलगा’ असतो, ‘घरची सून’ असते, ‘पाटलाचं घराणं’ असतं. एकदा पाटी गळ्यात पडली की पुढचं सगळं पाटीच ठरवते, माणूस मोकळा.

माझी आत्या चौथी शिकलेली. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेले तेव्हा सोयाबीन गवतात बुडालं होतं, डवरणीला माणूस मिळेना, सालदार ठेवायची ऐपत नव्हती. एका सकाळी तिनं बैल सोडले, जू त्यांच्या मानेवर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि डवरा धरला. बाईनं औत धरायचं नाही, हा गावाचा रिवाज. पारावरचे बोलले. दीर तर धुऱ्यावर येऊन भांडला. ती म्हणाली, "मंग तू येतं का डवराले? येत नसशीन तं बाजूले सर, बैल थांबले."

मी तिथंच उभा होतो. तिचे हात कापत होते, कासरा निसटत होता, पहिलं तास वाकडं गेलं आणि चांगली रोपं उपटून आली. ती वाकली, उपटलेली रोपं बांधावर टाकली आणि दुसरं तास धरलं.

आता लोक तिला शूर म्हणतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. ‘मी असाच आहे’ असं स्टेटस ठेवून मनमानी करणारे खूप आहेत, त्याला प्रामाणिक जगणं म्हणू नका. आत्यानं वाकडं तास, उपटलेली रोपं, दिरानं टाकलेला अबोला, सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. देवावर, नशिबावर, मेलेल्या नवऱ्यावर काही ढकललं नाही.

पाऊस, भाव, बँक आपल्या हातात नाही, कबूल. काळ्या जमिनीत जन्मलो की भरडीत, कोणत्या जातीत, हेही कोणी निवडत नाही. सार्त्रनंही ते नाकारलं नाही. पण बुंदीचं कर्ज पावसानं काढलेलं नाही.

२९ ऑक्टोबर १९४५ च्या भाषणात त्यानं एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. भाऊ १९४० च्या लढाईत मारला गेलेला, आई या एकाच पोराच्या आधारावर. आईजवळ राहू, की इंग्लंड गाठून जर्मनांशी लढणाऱ्या फ्रेंच फौजेत जाऊ? सार्त्रनं उत्तर दिलं नाही. तू मोकळा आहेस, तूच ठरव, एवढंच म्हणाला. वाचताना निर्दय वाटतं. पण आज त्या पोराचा खाली गेलेला चेहरा पाहून वाटलं, ‘तू ठरव’ असं त्याला कोणी आजवर म्हटलंच नसेल. काका म्हणाले, भावकी म्हणाली, सगळे म्हणाले, फक्त त्याला कोणी विचारलं नाही.

आणि यासाठी पॅरिसला जायचंही काम नाही. आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले. कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे सांगता सांगता आयुष्य घातलं त्यांनी. आज त्या मांडवामागच्या भिंतीवर बाबांचाच फोटो होता. त्याच्याखाली पंगत!

लिहिता लिहिता पोरावरचा राग उतरला, पंगतीवरचा वाढला. सार्त्र म्हणतो, माणूस स्वतःपुरतं निवडतच नाही, त्याच्या निवडीत सगळ्यांसाठीचं निवडणं असतं. मग पत्रावळीवर दुसऱ्यांदा बुंदी वाढून घेणारे आपले शिकलेले लोक काय निवडत होते? आत्याला पारावरच्यांनी बोलून छळलं, या पोराला आपण जेवून छळतो. नातं तुटते म्हणाल, तर तुटेलही एखादं. आत्याचंही तुटलं होतं.

यापुढे मी कोणाच्याच तेरवीत जेवणार नाही. घरच्यांच्या, सोयऱ्यांच्या, कोणाच्याच नाही. माणूस गेला की पहिल्याच दिवशी जाईन, चूल बंद असते तेव्हा घरून भाकरी-वरण घेऊन जाईन, डवरणी अडली असेल तर बैल देईन. माझ्या मागं माझी तेरवी करायची नाही, हेही घरी सांगून झालं आहे. आणि त्या पोराला उद्या फोन करतो. सावकाराचे किती, कोणत्या व्याजानं, हे आधी पाहू. जे येऊ शकतात त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, दोघं-तिघं मिळून गेलो तर सावकारही नीट बोलेल.