‘इतरांकडे किती?’ ह्या रकान्याबद्दल ॲपच्या मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमच्या मेलला चार दिवस उत्तर गेलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गणेश चवथीला आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मूळ घरी असतो, तिथे रेंज मिळत नाही. माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) राहिलेलं सामान आणायला वाळपईच्या बाजारात गेलो तेव्हा फोन जिवंत झाला आणि पहिला तुमचाच अभिप्राय समोर आला. ॲप मी एकटाच चालवतो. दुसरं कोणी उत्तर देणारं नाही.

तुम्ही लिहिलंय की टीएफटी (टीमफाइट टॅक्टिक्स हा आठ जणांचा गेम, त्यात दुकानात दर वेळी पाच युनिट म्हणजे लढणारी पात्रं गोल्ड देऊन घ्यायला येतात) खेळताना लेव्हल ७ ला आमच्या ॲपने तुमचं तीन-गोल्डचं युनिट दर दुकानाला यायची शक्यता ११ टक्के दाखवली, तुम्ही ५० गोल्ड घालून २५ वेळा रोल केलं, म्हणजे दुकान बदललं, आणि युनिट एकदाच आलं. म्हणून ‘आकडे अंदाजपंचे आहेत’, आणि ‘गेममध्ये फुकट दिसतं त्याचे ८९ रुपये घेतात’.

गेममध्ये दुकानाच्या वर ४० टक्के दिसतात हे खरं आहे. पण ते तीन-गोल्डच्या सगळ्या युनिटांचे मिळून, आणि दुकानातल्या पाचपैकी एका जागेचे. तुम्हाला हवं असलेलं एकच युनिट किती वेळा येईल हे गेम सांगत नाही. तेवढ्यासाठीच हे ॲप आहे.

आता अंदाजपंचेबद्दल. तुम्ही ‘लोकांनी बघा’ म्हणून तीन फोटो जोडलेत. मी ते रात्री मोठे करकरून पाहिले. पहिल्यात आमचं ॲप आहे. ‘तुमच्याकडे’ मध्ये ५ भरलेत, ते बरोबर. त्याच्या खालचा रकाना ‘इतरांकडे किती?’, तिथे शून्य आहे. दुसऱ्या फोटोत तुमची लढत चालू आहे आणि समोरच्याच्या बोर्डावर तेच युनिट दोन-स्टारचं उभं आहे, शिवाय एक बेंचवर, म्हणजे बोर्डाबाहेरच्या राखीव जागेत. दोन-स्टार म्हणजे तीन प्रती, म्हणजे त्याच्याकडे चार झाल्या. तिसऱ्या फोटोत वेगळा खेळाडू आहे. त्याच्याकडेही दोन-स्टार, आणि बेंचच्या डाव्या टोकाला दोन सुटी. म्हणजे पाच.

तीन-गोल्डच्या प्रत्येक युनिटच्या १८ प्रती असतात, आणि त्या आठही खेळाडूंमध्ये मिळून. तुमच्या ५, त्यांच्या ९. उरल्या चार. युनिट तीन-स्टार करायला नऊ लागतात, म्हणजे तुम्हाला उरलेल्या चारच्या चारही प्रती हव्या होत्या! ॲपला मात्र तुम्ही सांगितलंत की दुसऱ्या कोणाकडे एकही नाही, म्हणून त्याने १३ उरल्यात असं धरलं. तीन-गोल्डचे १३ प्रकार आणि बाकीचे १२ पूर्ण शिल्लक असं धरून १३ प्रतींना दर दुकानाला ११ टक्क्यांच्या जवळपास येतात. चार प्रतींना साडेतीन टक्के. साडेतीन टक्क्यांनी २५ दुकानांत साधारण एकदा दिसतं. तुम्हाला एकदाच दिसलं. रकाना भरला असता तर ॲपने तुम्हाला तेच सांगितलं असतं, आणि ते ५० गोल्ड कदाचित लेव्हल वाढवण्यावर गेले असते.

हे मी तुम्हाला कमी लेखायला लिहीत नाही. धावपळीच्या राउंडमध्ये सात जणांचे बोर्ड बघून प्रती मोजणं सोपं नाही हे मला माहीत आहे, मी स्वतः २०१९ पासून हा गेम खेळतोय. पण गेमचा पॅच (अपडेट) येतो त्या रात्री मी लेव्हल ३ च्या ७५-२५ पासून (एक-गोल्डची ७५ टक्के, दोन-गोल्डची २५) शेवटच्या लेव्हलपर्यंत एकेक आकडा पॅच नोट्सशी हाताने जुळवून बघतो. मागच्या पावसात फोंड्याला रात्रभर लाईट नव्हती तेव्हा बाईकने फर्मागुडीला मित्राकडे जाऊन ते काम केलं, कारण सकाळी कॉलेजची मुलं ॲप उघडतात आणि त्यांना जुना आकडा दिसू नये. अशा कामाला कोणी अंदाजपंचे म्हटलं की लागतं. आमच्याकडे अभिप्राय मोजकेच आहेत. एक स्टार पडला की ॲप यादीत खाली जातं आणि त्या आठवड्यात विक्री जवळजवळ थांबते. घरात ह्या ॲपवर हप्ता जातो, म्हणून एवढं लांबण लावलं.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मला पटली. तो रकाना रिकामा सोडला तर ॲप गुपचूप शून्य धरतं, तसं व्हायला नको. तिथे काहीतरी ठळक सूचना देणार आहे, आणि दोन-स्टारला एका टॅपमध्ये तीन प्रती मोजता येतील असंही काही करता येतं का ते बघतोय. चवथीची गडबड आटोपली की हात घालतो.

८९ रुपये परत हवे असतील तर ऑर्डर क्रमांक त्याच मेलवर पाठवा, मी काही न विचारता परत करीन. स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे, ते बदला असं मी म्हणणार नाही. फक्त एकदा त्याच तीन फोटोंवरून खालच्या रकान्यात ९ भरून बघा, आणि तरीही आकडा चुकीचा वाटला तर मला इथेच सगळ्यांसमोर सांगा.